कृपया आहेर आणू नये

वाशीमला अकोला नाक्याच्या थोडं अलीकडे एक चहाची टपरी आहे. टपरीवाला माझा विद्यार्थी. दहावीपर्यंत होता, पुढं आम्ही दोघांनीही एकमेकांचा नाद सोडला. निवृत्त झाल्यावर मी सकाळचा चहा त्याच्याकडे घ्यायला लागलो आणि चौथ्या-पाचव्या दिवशीच माझा मनसुबा त्याच्यापुढं मांडला. टपरीच्या बाजूला एक फळा लावायचा आणि त्यावर रोज एक कविता लिहायची. लोक चहा पिता पिता वाचतील. शाळा सुटल्यापासून ज्यानं कवितेचं तोंड पाहिलं नाही, त्याच्याही डोळ्यांखालून चार ओळी जातील. फळा माझा, खडू माझा, कविता थोरामोठ्यांच्या. त्यानं फक्त एक खिळा द्यायचा होता.

त्यानं उतू येणारं दूध फुंकर मारून खाली बसवलं, गॅस बारीक केला आणि विचारलं, "सर, खाली प्रश्न तं नाई ना राहनार?"

मी बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. या एका वाक्यात माझं सेवापुस्तक बंद झालं.

कविता शिकवायची म्हणजे आमची एक रीत होती. आधी कठीण शब्दांचे अर्थ, मग वृत्त, मग अलंकार, आणि मग तो जगप्रसिद्ध प्रश्न : या ओळींतून कवीला काय सुचवायचे आहे? कवीला जे सुचवायचं होतं ते त्यानं सुचवून टाकलेलंच असायचं. पण आम्हाला ते पुन्हा हवं असे, पाच वाक्यांत, शुद्ध, डावीकडे समास सोडून. त्याच्याही खाली 'ही कविता तुम्हाला का आवडली?' आवडली का, हे कोणी विचारलेलंच नाही. आवडली आहे हे मंडळानं आधीच ठरवलेलं, पोरांनी फक्त कारण पुरवायचं. अलीकडे त्यात सुधारणा झाली आहे. आता 'आवडण्याचे किंवा न आवडण्याचे कारण' विचारतात. तरी न आवडल्याचं लिहून मार्क पणाला लावणारं पोट्टं मी अजून पाहिलं नाही.

एक पाहिलं होतं. हाच टपरीवाला. सहामाहीच्या पेपरात त्यानं लिहिलं होतं, 'कविता समजली नाही म्हणून आवडली नाही, पण चाल चांगली आहे.' मी शून्य दिलं होतं. वर लाल शाईनं 'विषयांतर' असा शेराही मारला होता. त्यानंतर पुष्कळ समीक्षा वाचली. इतकी प्रामाणिक फारशी वाचायला मिळाली नाही.

आणि हे सगळं मी वाशीमला करत होतो, ही खरी लाज. कारण काव्याचं लग्न वाशीमला झालेलं आहे.

ही माझी थाप नव्हे. राजशेखरानं 'काव्यमीमांसे'च्या तिसऱ्या अध्यायात लिहून ठेवलं आहे, आणि त्याला अकराशे वर्षं होत आली. राजशेखर कनोजच्या दरबारात असला तरी मूळचा आपलाच. त्याच्या पणजोबाला तो महाराष्ट्राचा चूडामणी म्हणतो. पणजोबांचं नाव अकालजलद. म्हणजे सरळ मराठीत अवकाळी पाऊस. या नावाचा माणूस आज आमच्या जिल्ह्यात आला तर लोक आधी पंचनाम्याला तलाठी आला का ते बघतील, मग नमस्कार करतील.

तर राजशेखराची गोष्ट अशी. सरस्वतीनं हिमालयात तप केलं आणि तिला मुलगा झाला, काव्यपुरुष. जन्मल्याबरोबर पोरगं छंदात बोललं. पुढं एकदा ब्रह्मदेवाच्या सभेत वाद उपटला आणि निवाड्याला सरस्वतीला बोलावणं आलं. पोरगं म्हणालं मीही येतो, आई म्हणाली नको. झालं, चिरंजीव रुसून घराबाहेर पडले. त्याचा दोस्त कार्तिकेय रडायला लागला. कार्तिकेयाची आई म्हणजे पार्वती. तिनं ओळखलं की प्रेमासारखं बंधन नाही, आणि या रुसलेल्या पोराला परत आणायला तिनं एक मुलगीच निर्माण केली, साहित्यविद्या. 'जा, त्याच्या मागं जा आणि त्याला वळव.' थोडक्यात, पोरगं हाताबाहेर गेलं की लग्न करून द्यावं, हा उपाय आपल्या आयाबायांनी शोधलेला नाही. तो थेट कैलासावरून आला आहे.

मग काव्यपुरुष पुढं आणि साहित्यविद्या मागं. आधी पूर्वेकडे. तिनं तिथला वेष केला, तिथलं नृत्य केलं, पण गडी वळला नाही. तेव्हा तो जे बोलला ते लांबलचक समासांनी आणि अनुप्रासांनी भरलेलं होतं. ती गौडी रीती. मग पांचालात, तिथं थोडा पाघळला, समास थोडे आखूड झाले. मग अवंती. आणि शेवटी दक्षिणेत, विदर्भात. इथं मात्र तो पुरता तिच्या प्रेमात पडला, आणि तेव्हा त्याच्या तोंडून जी भाषा निघाली ती साधी, गोड, समासावाचूनची. ती वैदर्भी रीती. त्याच विदर्भात मदनाचं क्रीडास्थान असं वत्सगुल्म नावाचं नगर आहे, आणि तिथं सरस्वतीच्या मुलानं पार्वतीच्या त्या मुलीशी गांधर्वविवाह केला, असं राजशेखर सांगतो. वत्सगुल्म म्हणजे वाशीम. 'कर्पूरमंजरी' या प्राकृत नाटकात तर तो या रीतीला वच्छोमी म्हणतो, म्हणजे वत्सगुल्मी. सोप्या कवितेच्या शैलीला चक्क आमच्या गावाचं नाव!

म्हणजे काव्यानं समास सोडला तो वाशीममध्ये. आणि मी त्याच वाशीममध्ये पोरांना बत्तीस वर्षं समास सोडायला लावत होतो, वहीच्या डाव्या बाजूला, दोन बोटं.

मला नेहमी वाटतं की आमच्या गावाला या लग्नाचं काही वाटत नाही याचं कारण ते गांधर्व पद्धतीनं झालं. पत्रिका नाही, मांडव नाही, पंगत नाही. ज्या लग्नात पंगत बसली नाही ते लग्न वऱ्हाडात कोण लक्षात ठेवणार?

काव्याचा पाहुणचार इथं आणखीही झाला आहे. वत्सगुल्मच्या वाकाटक शाखेचा पहिला राजा सर्वसेन, चौथ्या शतकातला, हा स्वतःच कवी होता. त्यानं कृष्णानं सत्यभामेसाठी पारिजात आणल्याच्या कथेवर 'हरिविजय' हे काव्य लिहिलं, तेही प्राकृतात, लोकांच्या भाषेत. आनंदवर्धनानं 'ध्वन्यालोका'त, रसाला सोयीची व्हावी म्हणून कथा कशी वळवावी याचे दाखले देताना तीन नावं घेतली : कालिदासाची काव्यं, सर्वसेनाचं 'हरिविजय' आणि 'माझंच अर्जुनचरित'. समीक्षक तेव्हाही स्वतःचा संग्रह पिशवीत घेऊन फिरत, हे बघून बरं वाटलं. आज 'हरिविजय'ही उपलब्ध नाही आणि 'अर्जुनचरित'ही नाही. सर्वसेनाचे उरलेत ते दुसऱ्यांनी उदाहरण म्हणून उचललेले तुकडे. दिलेली प्रत परत न करण्याची आपली वाचनसंस्कृती इतकी जुनी आहे.

सर्वसेनाचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती. त्याचा ताम्रपट १९३९ साली वाशीमलाच उजेडात आला. त्यात राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा मुख्य व्यवहार प्राकृतात. मला हा राजा फार आवडतो. त्याचे पूर्वज किती थोर होते ते लोकांना कळलं नाही तरी चालण्यासारखं होतं; जमीन कोणाला दिली ते कळायलाच हवं होतं. सातबारा सोप्या भाषेत आणि प्रस्तावना अवघड भाषेत, हा नेम कवितासंग्रहांनी अजून सोडलेला नाही.

असो. फळा लागला.

पहिली कविता मी शेजारच्याच जिल्ह्यातली निवडली. मेहकरचे ना. घ. देशपांडे. लोकांना कवीची ओळख व्हावी म्हणून त्यांचा फोटो मिळवला, बाजूला चौकट काढली, वर दोन कोपऱ्यांत फुलं काढली, मध्ये कविता लिहिली आणि आतल्या बाकावर बसून रसिकांची वाट पाहू लागलो. पहिला माणूस मोटारसायकलवरून उतरला, फळ्यासमोर उभा राहिला, आणि त्यानं टोपी काढली.

"कोन गेलं?" त्यानं टपरीवाल्याला हळूच विचारलं.

दुसऱ्यानं हात जोडले. तिसरा म्हणाला, "मेहकरचे दिसतात. तेरवी कवा हाय?" दुपारपर्यंत कोणीतरी फळ्याच्या चौकटीला झेंडूचं एक फूल खोचून गेलं. झेंडूचंच का, हे अत्र्यांना विचारायला हवं. त्यांनी 'झेंडूची फुले' काढून १९२५ साली रविकिरण मंडळाच्या कवींची टर उडवली आणि महाराष्ट्र पोट धरून हसला. विडंबनाला हसू यायचं तर आधी मूळ कविता ठाऊक असावी लागते. याचा अर्थ असा की तेव्हा ती लोकांना ठाऊक होती, कारण रविकिरण मंडळाचे लोक आपल्या कविता गाऊन दाखवत फिरत. आज विडंबन करायचं म्हटलं तर आधी दोन दिवस मूळ कविता वाटत हिंडावं लागेल.

ना. घं.ची कविताही लोकांपर्यंत पुस्तकातून गेली नाही. त्यांची 'शीळ' जी. एन. जोशींनी गायली, तिची तबकडी निघाली, आणि मराठी भावगीताची सुरुवात तिथून धरतात. मेहकरसारख्या गावातल्या वकिलाची कविता फोनोच्या कर्ण्यातून घरोघर गेली तेव्हा एकाही श्रोत्याला कोणी विचारलं नाही की कवीला काय सुचवायचे आहे. माझ्या विद्यार्थ्यानं पेपरात लिहिलेलंच खरं होतं. समजण्याचं नंतर बघता येतं, आधी चाल.

पण फळ्याला चाल लावता येत नाही. दुसऱ्या आठवड्यात फोटो काढून टाकला आणि मृग लागला म्हणून पावसाची एक सुंदर कविता लिहिली. कविता खरोखरच चांगली होती, ओली, हिरवी. अडचण एवढीच की मृग कोरडा चालला होता. सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी कॅरिअरला बांधून एक शेतकरी आला, अख्खी कविता त्यानं मन लावून वाचली. मला आशा वाटली. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, हे लिहिनाऱ्याले पाहून सांगा, त्याच्याकडे पडला असन तं थोडा इकडे धाडून दे म्हना."

दुसरा म्हणाला, "पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर पडल्याबिगर पेरू नका म्हनते कृषीवाले. याच्यात किती पडला?" आणि त्यानं कवितेकडे बोट केलं.

मी रात्रीच कविता पुसली. पण घरी येऊन राजशेखर उघडला तेव्हा लक्षात आलं की त्यानं या वाचकांचीही सोय करून ठेवली आहे. काव्याची पारख करणारे चार तऱ्हेचे, असं तो सांगतो. पहिला अरोचकी. याला काहीच रुचत नाही. याच्यासाठी राजशेखराला लांब जावं लागलं नसेल, प्रत्येक गावात वाचनालयाच्या वर्तमानपत्रांच्या टेबलाशी एक बसलेला असतो. तिसरा मत्सरी; हा कवीच असतो, निराळा दाखवायची गरज नाही. चौथा तत्त्वाभिनिवेशी, खरा रसिक. हजारात असला तर एखादा. आणि मध्ये जो उरतो, तो दुसरा, सतृणाभ्यवहारी. म्हणजे गवतासकट खाणारा.

या माणसाला राजशेखर फारसा मान देत नाही. मला मात्र त्याच्याबद्दल जिव्हाळा आहे. हंगाम संपल्यावर आमच्याकडची गुरं सोयाबीनच्या कुटारात तोंड घालतात, त्यात शेंग आली तर शेंग, काडी आली तर काडी. तसा हा. सकाळी उठल्याबरोबर व्हॉट्सअ‍ॅपवर जे येईल ते वाचतो. गुलाबाच्या फुलाखालचं सुविचारासारखं काहीतरी, कुसुमाग्रजांचं नाव लावलेलं पण कुसुमाग्रजांचं नसलेलं काहीतरी, आणि एखादेवेळी चुकून खरोखर चांगलं. सगळं सारख्याच श्रद्धेनं पुढं अकरा गटांत पाठवतो. कविता सामान्य वाचकापर्यंत पोचवायची म्हणतात तो सामान्य वाचक हाच. त्याच्याकडे जायचं तर त्याच्या कुटारात शेंग टाकता आली पाहिजे. गवत खातो म्हणून त्याच्यासमोर निबंध वाचून काय होणार!

विदर्भातल्या ज्यांना हे कळलं होतं, त्यांनी तसं केलंही. तुकडोजी महाराजांनी खंजिरी हातात घेतली. ग्रामगीतेचे ४१ अध्याय गावागावांत वाचले गेले ते ओवी कानाला ओळखीची होती म्हणून. यवतमाळचे भाऊसाहेब पाटणकर पेशानं वकील आणि हौसेनं वाघाचे शिकारी. त्यांनी मराठीत शायरी आणली आणि ती समोर बसलेल्या माणसांना वाचून दाखवली. शिकाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते : सावज आपल्या अभ्यासिकेत येत नाही, पाणवठ्यावर जावं लागतं. अमरावतीचे सुरेश भट यांनी नव्या लोकांना गझल नीट यावी म्हणून 'गझलेची बाराखडी' लिहिली. बाराखडीचा उपयोग आपल्याकडे कसा होतो ते भटांना ठाऊक नसावं. वाचायला शिकण्याआधी लोक लिहायलाच लागले. आज वाशीम, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा, कुठंही दगड मारा, गझलकाराला लागेल, आणि तो लगेच 'दगड' हा काफिया घेईल.

मानोरा तालुक्यातल्या तांड्यांवर तर ही चर्चाच नाही. होळीला तिथं लेंगी म्हणतात, रात्र रात्र फेर धरून. तिथं कविता पोचवायला जाणारा माणूस म्हणजे पोहरादेवीच्या यात्रेत गर्दी कशी जमवावी यावर भाषण देणारा.

आमच्या सौभाग्यवतींनी एवढ्या दिवसांत फळ्यावर एकच अभिप्राय दिला. "तुमच्यापेक्षा माझ्या आत्येचं बरं. तिच्या कविता शे-दोनशे लोक उभे राहून ऐकायचे. हातात तांदूळ घेऊन."

आत्येसासूबाई मंगलाष्टकं रचायच्या. शिक्षण चौथीपर्यंत. मंगलाष्टक शार्दूलविक्रीडितात असतं. चरणाला १९ अक्षरं, त्यांचे लघु-गुरू ठरलेले. हे वृत्त नववीच्या पोरांच्या डोक्यात उतरवताना माझी हाडं झिजली. आणि आत्येबाई त्याच १९ अक्षरांत नवरीचं नाव, नवऱ्याचं नाव, दोन्ही गावं, मामा, तीन काका आणि त्यांतला एक नाराज काका थोडा पुढं घेऊन, अशी सगळी मंडळी बसवत. एकदा मंगरूळपीर हे गाव चरणात बसेना तेव्हा त्यांनी 'पीर' पुढच्या ओळीत नेला. मी विचारलं, आत्या, तुम्ही लघु-गुरू मोजता कसे? त्या म्हणाल्या, "मोजायचं काय त्यात? म्हटलं की अडते, अडलं की बदलायचं."

मंडपात कोणी ते मन लावून ऐकत होतं असं नाही. निम्मे लोक जेवणाची रांग कुठून सुरू होते ते बघत असत. पण चरण संपला की सगळ्यांचे हात एकदम उठत. चरण कुठं संपतो हे कळायला त्यांना मराठीचा तास लागला नव्हता. कविता चालू असतानाच तांदूळ फेकायची मुभा असलेली जगातली बहुधा ही एकच सभा. कविसंमेलनात ही सोय असती तर कार्यक्रम वेळेवर संपले असते.

कविसंमेलनाचा विषय निघाला म्हणून सांगतो. फळ्याची बातमी गावातल्या एका मंडळाला लागली आणि त्यांनी ठरवलं की याचं रीतसर उद्घाटन झालं पाहिजे. मी म्हटलं, फळा महिनाभरापासून लागलेला आहे. ते म्हणाले, लागला असेल, उद्घाटन कुठं झालंय? मग टपरीसमोर मांडव पडला. फ्लेक्स लागला, त्यावर नऊ फोटो, त्यांत कवी एकही नाही. सूत्रसंचालकानं प्रत्येक पाहुण्याला बोलवायच्या आधी एकेक चारोळी म्हटली, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी लोकांच्या कानावर कविता पडली ती तेवढीच. सत्कार झाले, शाली झाल्या, नारळ झाले. प्रमुख पाहुणे म्हणाले, वाशीम हा नीती आयोगाच्या यादीतला आकांक्षित जिल्हा आहे. शेवटी कवींना प्रत्येकी दोन मिनिटं मिळाली, आणि आकांक्षित कोण ते सगळ्यांना दिसलं. श्रोते होते तितकेच कवी होते, कारण ते तेच होते. राजशेखरानं कवीला बजावून ठेवलंय की नवी कविता एकट्या माणसासमोर वाचू नये. त्यानं ती आपलीच म्हणून सांगितली तर साक्षीदार कुठून आणणार? त्या दिवशी साक्षीदारांची तेवढी ददात नव्हती. टपरीवाल्यानं ८३ चहा दिले आणि फुकट दिले. मांडव उतरल्यावर तो पहिल्यांदा फळ्याबद्दल आपणहून बोलला.

"सर, एक सांगू का? मारसान तं नाई?"

"सांग."

"उभं राहून लोकं दोनच गोष्टी वाचतात. एक श्रद्धांजली, अन् एक लग्नाची पत्रिका. श्रद्धांजली करून झाली आपली. आता पत्रिका काढा."

रात्री झोप लागली नाही. सकाळी सहाला जाऊन फळा धुतला आणि माझ्या सगळ्यात वळणदार अक्षरात लिहिलं :

॥ श्री गणेशाय नमः ॥
चि. काव्यपुरुष
(श्रीमती सरस्वतीबाई यांचे चिरंजीव)
आणि
चि. सौ. कां. साहित्यविद्या
(सौ. पार्वतीबाई, रा. हिमालय, यांची कन्या)
यांचा शुभविवाह गांधर्व पद्धतीने पार पडला.
स्थळ : वत्सगुल्म (म्हणजे आपले वाशीम)
वरात : पूर्वदेश, पांचाल, अवंती मार्गे
कृपया आहेर आणू नये.

पाच मिनिटांत चार माणसं उभी. दहा मिनिटांत अकोल्याची गाडी सुटली तरी दोघं मागं राहिली. एकानं मोबाइलवर फोटो काढला. "आडनाव नाई लिहिलं. कोनाकडचे म्हनायचे?" "गांधर्व म्हंजे कोर्ट म्यारेज का?" "पार पडला लिहिलं ना बे, होऊन गेलं." "मंग आपल्याले काहून नाई बलावलं?" "पंगत कुठं होती?" "आहेर नाई म्हंजे पंगतही नसनच."

मग मला सांगावंच लागलं. रुसलेला पोरगा, मागं धाडलेली पोरगी, पूर्वेकडे गेल्यावर त्याचं ते लांबलचक अवघड बोलणं, आणि विदर्भात आल्यावर सुटलेली साधी भाषा. बत्तीस वर्षांत माझ्या वर्गात इतकी शांतता नव्हती. बाजार समितीत माल टाकून आलेला एक ट्रकवाला बशीतला चहा तसाच धरून ऐकत होता.

"म्हंजे पोरीवर मन बसलं नव्हतं तवर अवघड बोलत होता," तो म्हणाला.

"हो."

"अन् आपल्या इकडे आल्यावर सुदा बोलाले लागला."

"हो."

"असंच असते," तो म्हणाला, आणि बशी तोंडाला लावली. कठीण शब्दांचे अर्थ, वृत्त, अलंकार, काहीही न सांगता रीतीविचार आटोपला होता. टपरीवाला माझ्याकडे न बघता गाळणं झटकत होता. त्याच्या त्या सहामाहीच्या पेपराचे मार्क वाढवून देता येतील का, असा एक विचार माझ्या मनात येऊन गेला.

बाकाच्या कडेला एक म्हातारी बसली होती, रिसोडच्या गाडीची वाट बघत. मांडीवर पिशवी. तिला वाचता येत नसावं. पण सगळं तिनं ऐकलं होतं.

"पोरगी कोनाची म्हनलं?"

"पार्वतीची, आजी."

"अन् पोरगा?"

"सरस्वतीचा."

"घरानं चांगलं हाय दोघायचं." तिनं थोडा विचार केला. "मंग नांदते का बरी?"

मला एकदम कालचा मांडव आठवला. नऊ फोटोंचा फ्लेक्स आठवला. माझी स्वतःची लाल शाई आठवली.

"जास्त करून माहेरीच असते," मी म्हटलं.

"इहिनी-इहिनीचं पटत नसन."

"पटतं की. राजशेखर म्हणतो, लग्नानंतर सगळे हिमालयात गेले. दोघी विहिणी तिथं जवळजवळच राहतात."

"जवळजवळ म्हंजे? एकाच गावात?"

"एकाच डोंगरावर."

"मंग बरोबर हाय," म्हातारी म्हणाली, आणि पिशवी उचलून गाडीकडे गेली.